गाईच्या पोटातलं गाव

लग्नातला उरलेला भात, आडवी झालेली गाय आणि तिच्या पोटातले अब्जावधी भाडेकरू. पुस्तकात दोन पानांत उरकलेला मायक्रोबायोलॉजीचा धडा गोठ्यात शिकायला दोन रात्री लागल्या, त्याची ही गोष्ट.

मे महिन्यात मामेबहिणीचं लग्न होतं. संगमनेरजवळच्या गावात, अगदी घराच्या दारात मांडव. संध्याकाळी पंगती उठल्या तेव्हा भात, चपात्या आणि जिलेबी मिळून दोन घमेली उरली होती. एवढं अन्न उकिरड्यावर टाकायचं कुणाच्याच जिवावर येईना. मग मीच पुढे झाले. दोन्ही घमेली उचलली आणि गोठ्यात नेऊन चंद्रीच्या गव्हाणीत ओतली. चंद्री म्हणजे मामाची एचएफ संकरित गाय. दोन्ही वेळचं मिळून अठरा लिटर दूध देणारी, घराचा महिन्याचा किराणा जिच्या दुधाच्या पगारावर चालतो ती. तिने गव्हाण चाटूनपुसून साफ केली. मी फोटो काढला आणि स्टेटस टाकलं, 'नो फूड वेस्ट!'

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्री उठेना. कान गार पडलेले, डोळे खोल गेलेले, रवंथ बंद. पातळ शेण पडत होतं आणि त्याला आंबूस वास येत होता. धार काढायला बसलेली मामी जेमतेम तांब्याभर दूध घेऊन परत आली. डॉक्टर आले. त्यांनी चंद्रीच्या डाव्या भकाळीत मूठ दाबून धरली आणि घड्याळाकडे बघत राहिले. मग माझा हात तिथे ठेवला. "काही हलतंय?" काहीच हलत नव्हतं. "निरोगी गाईचं पोट मिनिटाला एक-दोनदा हाताला ढकलतं. हिचं बंद पडलंय. काल काय घातलंत खायला?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"काय शिकतेस?" डॉक्टरांनी विचारलं. मी मान खाली घालून सांगितलं, "मायक्रोबायोलॉजी. सेकंड इयर."

ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. सलाइन लावता लावता एवढंच म्हणाले, "मग तुला कळायला पाहिजे. ते जेवण तू गाईला नाही घातलंस. तिच्या पोटातल्यांना घातलंस."

गवत खातं कोण?

शाळेत आपण शिकलेलो असतो, गाय गवत खाते. ते अर्धंच खरं आहे. गवत, कडबा, वैरण यांचा मुख्य सांगाडा सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज तोडणारं एन्झाइम गाईच्या स्वतःच्या शरीरात तयारच होत नाही. म्हणजे पचनाच्या बाबतीत कडब्यापुढे गाय आपल्याइतकीच हतबल आहे. फरक एवढाच की तिच्याकडे हे काम करणारी माणसं आहेत. म्हणजे माणसं नव्हे, सूक्ष्मजीव.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे कोठीपोट, इंग्रजीतलं रुमेन. मोठ्या गाईत त्याची क्षमता शंभर ते दोनशे लिटर. आत तापमान साधारण ३९ अंश सेल्सिअस, अंधार आणि ऑक्सिजन जवळजवळ शून्य. आपल्याला नरक वाटेल अशा या जागी एका मिलिलिटर द्रवात हजार कोटींहून जास्त बॅक्टेरिया राहतात. पृथ्वीवर माणसं आहेत आठशे कोटी. म्हणजे औषधाच्या एका चमचाभर द्रवात कितीतरी पृथ्व्या मावल्या!

या वस्तीत नुसते बॅक्टेरिया नाहीत. केसाळ पायमोज्यांसारखे दिसणारे, सतत गिरक्या घेणारे प्रोटोझोआ आहेत. कडब्याच्या काडीत मुळं घुसवून ती आतून फोडणाऱ्या बुरश्या आहेत. आणि आर्किया नावाचं एक वेगळंच घराणं आहे, त्याच्याकडे पुढे येऊच. कामं वाटून घेतलेली आहेत. फायब्रोबॅक्टर, रुमिनोकोकस ही मंडळी काडीला चिकटून सेल्युलोज तोडतात. त्यातून सुटलेली साखर दुसरे उचलतात. त्यांनी टाकलेल्या पदार्थांवर तिसरे जगतात. शेवटी उरतात ती ॲसिटिक, प्रोपिओनिक, ब्युटिरिक अशी छोटी आम्लं. कोठीपोटाच्या भिंतीतून ती थेट गाईच्या रक्तात जातात आणि तिच्या एकूण ऊर्जेचा जवळजवळ सत्तर टक्के भाग भागवतात. दुधातलं फॅट बघून डेअरीवर जो भाव ठरतो, त्या फॅटची सुरुवात या ॲसिटिक आम्लापासून होते.

बदल्यात गाय काय देते? घर, ऊब आणि दोन वेळचं जेवण. शिवाय ती दिवसाला शंभर लिटरच्या वर लाळ गिळते. या लाळेत आपल्या खायच्या सोड्यासारखाच क्षार असतो. पोटातलं आम्ल त्यामुळे आटोक्यात राहतं. निवांत बसून गाय दिवसातले सात-आठ तास रवंथ करते तेव्हा ती वस्तीला बारीक केलेला चारा आणि सोडा असं दोन्ही पुरवत असते.

आणि भाडं? तेही वसूल होतं. कोठीपोटातले सूक्ष्मजीव चाऱ्याबरोबर वाहत पुढच्या कप्प्यांत जातात आणि तिथे गाय त्यांनाच पचवते. तिला मिळणाऱ्या प्रोटीनचा मोठा हिस्सा त्यांच्याच देहांतून येतो. 'शाकाहारी' गाईबद्दलचं हे वाक्य लेक्चरला ऐकलं असतं तर वर्ग खो खो हसला असता. गोठ्यात तेव्हा कुणी हसत नव्हतं.

दह्यातला मित्र, पोटातला वैरी

मग भाताने नेमकं काय बिघडवलं?

कडबा पचायला वेळ लागतो, त्यामुळे आम्ल सावकाश तयार होतं आणि सावकाश शोषलं जातं. भात, चपाती, जिलेबी म्हणजे मऊ शिजवलेला स्टार्च आणि साखर. फारसं चावावं लागत नाही, म्हणून लाळही कमी. असा माल एकदम घमेलंभर आला की स्ट्रेप्टोकोकस बोव्हिस नावाचा बॅक्टेरिया चेकाळतो. एरवी तो तिथेच गुमान राहत असतो. आता तो भराभर वाढतो आणि लॅक्टिक आम्ल ओतायला लागतो. पोटाचा पीएच सहा-सातवरून घसरतो. साडेपाचच्या खाली गेला की सेल्युलोज तोडणारे मरायला लागतात, प्रोटोझोआ मरतात आणि मैदान आम्ल सोसणाऱ्या लॅक्टोबॅसिलसच्या हाती जातं. तेही आम्लच बनवतात! पोटाची हालचाल थांबते, शरीरातलं पाणी पोटात ओढलं जातं, आम्ल रक्तात उतरतं. वेळेवर उपचार झाले नाहीत तर एक-दोन दिवसांत जनावर जातं.

हे ऐकताना मला आमची प्रॅक्टिकल आठवत होती. फर्स्ट इयरला आम्ही दह्याची स्लाइड बनवून लॅक्टोबॅसिलस बघितले होते. जर्नलमध्ये मी त्यांच्यासमोर 'उपयुक्त सूक्ष्मजीव' असं लिहून ठळक अधोरेखित केलं होतं. विरजणात, इडलीच्या पिठात, मुरघासाच्या खड्ड्यात ही मंडळी खरंच उपयोगी. मुरघास टिकतो तोच मुळी लॅक्टिक आम्लामुळे. आणि इथे त्यांच्याच भाऊबंदांनी मामाची लाखभर रुपयांची गाय मरणाच्या दारात नेली होती. सूक्ष्मजीव नवे आले नव्हते, बाहेरून कुठला रोग आला नव्हता. माणसं तीच होती, गावातला तोल गेला होता. आणि तो मी घालवला होता.

डॉक्टरांनी नळीने खायच्या सोड्याचं पाणी पोटात सोडलं, इंजेक्शनं दिली, रात्रभर लक्ष ठेवायला सांगितलं. लग्नघर असून त्या रात्री मामा गोठ्यातच झोपला. मीही बाजूला पोतं टाकून बसले. मामा मला एका शब्दाने बोलला नाही. तो बोलला असता तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी चंद्री उभी राहिली, पण चाऱ्याला तोंड लावेना. डॉक्टर म्हणाले, आता आतली वस्ती परत बसवायची. शेजारच्या वस्तीवरच्या एका धडधाकट गाईच्या तोंडातून रवंथाचा गोळा काढून घेतला, कोमट पाण्यात कालवला आणि चंद्रीला पाजला. ही पद्धत खूप जुनी आहे. मजा म्हणजे निरोगी माणसाच्या आतड्यातले सूक्ष्मजीव रुग्णाला देण्याच्या याच कल्पनेवरचं पहिलं औषध अमेरिकेत अधिकृतपणे मंजूर झालं ते २०२२ साली.

सुबाभळीचं कोडं

परत आल्यावर मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. त्यात एक गोष्ट सापडली, ती आपल्या ओळखीच्या झाडाची आहे.

सुबाभूळ. आपल्याकडे उरुळी कांचनच्या 'बायफ' संस्थेने चाऱ्यासाठी या झाडाचा मोठा प्रसार केला. प्रोटीनने भरलेला, दुष्काळातही हिरवा राहणारा पाला. पण त्यात मिमोसीन नावाचं विष असतं. ऑस्ट्रेलियात गुरांना हा पाला भरपूर घातला की त्यांचे केस गळायचे, वजन उतरायचं, गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजायची. मात्र हवाई बेटांवरच्या बकऱ्या तोच पाला पोटभर खाऊन मजेत होत्या. रेमंड जोन्स या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाला शंका आली की फरक झाडात नाही, जनावरातही नाही. पोटातल्या भाडेकरूंत आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईतल्या बकऱ्यांच्या पोटातले सूक्ष्मजीव ऑस्ट्रेलियात नेऊन तिथल्या जनावरांना दिले गेले आणि त्यांना सुबाभूळ पचायला लागली! विषाचा तुकडा पाडणारा तो बॅक्टेरिया वेगळा काढला गेला. १९९२ साली जोन्स यांच्या सन्मानार्थ त्याचं नाव ठेवलं, सिनर्जिस्टिस जोनेसाय.

झाड तेच, गाय तीच. पोटात कोण राहतं त्यावर तो पाला चारा ठरतो की विष, हे अवलंबून. आपल्याकडेही पशुवैद्य सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नका असंच सांगतात.

आणखी एक किस्सा. कोठीपोटात शेपटी हलवत पोहणारे काही जीव दिसायचे. त्यांना सगळे प्रोटोझोआ समजत. कारण पुस्तकात ठाम लिहिलेलं होतं की बुरशीला जगायला ऑक्सिजन लागतोच. १९७५ साली इंग्लंडमधल्या कॉलिन ऑर्पिन यांनी मेंढीच्या पोटातल्या या जीवांचा माग काढला आणि दाखवून दिलं की ती बुरशीची पोहणारी बीजं आहेत. ऑक्सिजनविना जगणारी बुरशी! पुस्तक चुकलं होतं, मेंढी बरोबर होती.

सडाचं दार

चंद्रीच्या आजारपणात डॉक्टर रोज येत होते, तेव्हा त्यांनी मामाला दुसरीकडेही लक्ष द्यायला लावलं. कास.

शेणात ई. कोलाय असतो, त्याने गाईला काही होत नाही. तोच सडाच्या बारीक छिद्रातून कासेत शिरला तर काही तासांत गाय तापाने फणफणते. माणसाच्या हाताच्या त्वचेवरही सापडणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस कासेत एकदा घर करून बसला की वर्षानुवर्षं हलत नाही. कासदाह, गावाकडच्या भाषेत 'दगडी', हा दूधधंद्याला सतत पोखरणारा रोग. त्यातला छुपा प्रकार जास्त वाईट, कारण वरून काहीच दिसत नाही. कास सुजत नाही, दूध पांढरंशुभ्र दिसतं, फक्त रोज लिटर-दीड लिटर कमी भरतं आणि शेतकरी पेंडीला दोष देत बसतो.

ही चोरी पकडायची युक्ती १९५७ पासून उपलब्ध आहे. चार खणांच्या एका ताटलीत चारही सडांचं थोडं थोडं दूध घ्यायचं, त्यात तेवढंच जांभळट रसायन घालायचं आणि ताटली गोल फिरवायची. ज्या सडाचं दूध शेंबडासारखं घट्ट होईल तिथे गडबड. हे 'सीएमटी' बघताना माझी ट्यूब पेटली. रसायन म्हणजे एक प्रकारचा साबण. जंतूंशी लढायला कासेत जमलेल्या पांढऱ्या पेशी तो फोडतो आणि त्यांतला डीएनए बाहेर येऊन चिकट होतो. केळ्यातून डीएनए काढायचं प्रॅक्टिकल आपण भांडी घासायच्या साबणाने करतो, अगदी तेच तत्त्व!

उपायही महागडा नाही. धार काढण्याआधी हात आणि सड धुऊन कोरडे करायचे. धार झाली की सड आयोडीनच्या द्रावणात बुडवायचे. आणि लगेच गव्हाणीत वैरण टाकायची. वैरण कशाला? धार काढल्यावर सडाचं छिद्र बंद व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ गाय खात उभी राहिली तर उघडं दार शेणात टेकत नाही. मामीची सासू हे पूर्वीपासून करायची. कारण तिला ठाऊक नव्हतं, पण सवय बरोबर होती.

एवढं केलं नाही की मग अँटिबायोटिक. औषध दिल्यावर ठरलेले दिवस त्या गाईचं दूध विकायचं नसतं. पण पगार बुडतो म्हणून काही जण ते कॅनमध्ये ओततात. अशा दुधाला विरजण लावलं तर कधीकधी दही लागतच नाही, कारण दुधातलं औषध विरजणातल्या बॅक्टेरियालाही मारतं. शिवाय थोडंथोडं औषध अंगावर घेत काही जंतू निर्ढावतात आणि पुढे माणसालाही तेच औषध लागू पडेनासं होतं. हॉस्टेलच्या मेसमधल्या पांढऱ्या वाटीचा संबंध असा कुठल्या तरी गोठ्यातल्या धुतलेल्या किंवा न धुतलेल्या हातांशी असतो.

ढेकर आणि हवामान

आता ते आर्किया. कोठीपोटात चारा कुजताना हायड्रोजन तयार होतो. तो साठला तर सगळ्या वस्तीचं काम अडतं. आर्किया तो उचलतात आणि कार्बन डायऑक्साइडशी जोडून मिथेन बनवतात. गाय तो ढेकरावाटे बाहेर टाकते. (हो, मीम्समध्ये दाखवतात तसं मागून नव्हे. जवळजवळ सगळा तोंडावाटेच!) गाईच्या दृष्टीने हे सफाई कामगार. हवामानाच्या दृष्टीने मात्र डोकेदुखी, कारण शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या जवळजवळ अठ्ठावीसपट तापवतो. २०१९च्या पशुगणनेनुसार भारतात गाई-म्हशींची संख्या तीस कोटींच्या वर आहे.

जगभर यावर उपाय शोधणं चालू आहे. मिथेन बनवणारं शेवटचं एन्झाइमच अडवणाऱ्या एका खाद्यपूरकाला युरोपीय संघात २०२२ साली आणि अमेरिकेत २०२४ साली परवानगी मिळाली. लाल समुद्रशेवाळावरचे प्रयोगही गाजले. बेंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने वनस्पतींपासून 'हरित धारा' नावाचं पूरक तयार केलं आहे. पण आपल्याकडे सगळ्यात साधा मार्ग चाऱ्यातूनच जातो. निकृष्ट चाऱ्यावर जगणारी, दोन लिटर दूध देणारी गाय एका लिटरमागे जास्त मिथेन सोडते. तिचा चारा सुधारला, तर दूध वाढतं आणि लिटरमागचा मिथेन उतरतो. चाऱ्यातली साताठ टक्के ऊर्जा या वायूबरोबर उडून जाऊ शकते. ते वाचलं तर शेतकऱ्याचंही भलंच.

आमच्या कॉलेजात मायक्रोबायोलॉजी झाल्यावर काय करायचं, तर फार्मा कंपनी किंवा पॅथॉलॉजी लॅब एवढीच दोन उत्तरं सगळ्यांना पाठ असतात. तिसरं उत्तर गोठ्यात आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था, नागपूरचं पशुविज्ञान विद्यापीठ, पुण्याची आघारकर संस्था अशा ठिकाणी या विषयांवर काम चालतं. ऑक्सिजनविना जगणारे जीव वाढवणं कठीण असतं, म्हणून त्यातले कितीतरी अजून कुणी नीट बघितलेलेही नाहीत. शिवाय गावोगावी सीएमटी करून देणारं, चाऱ्याचा हिशेब समजावणारं शिकलेलं माणूस हवंच आहे.

चंद्रीचं दूध पूर्वपदावर यायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरवड्याचा पगार, औषधं आणि डॉक्टरांची फी धरून मामाचं झालेलं नुकसान मी वहीत मांडून ठेवलं आहे. जेवढं आठवतं त्यात एक गोष्ट मात्र पैशांची नाही. चौथ्या दिवशी पहाटे गोठ्यात काहीतरी कचकच वाजलं. टॉर्च मारला तर चंद्री डोळे अर्धवट मिटून सावकाश जबडा हलवत होती. रवंथ. मी तिच्या डाव्या भकाळीत हात ठेवला. थोडा वेळ काहीच नाही. मग आतून एक लाट आली आणि हात वर ढकलला गेला. मामाला उठवायला मी अक्षरशः धावत गेले.

दिवाळीत पुन्हा गेले होते. वसुबारस होती. मामीने गाय-वासराला ओवाळलं, नैवेद्याचं ताट पुढे केलं. कौतुकाने आणखी चार पुरणपोळ्या तिने हातात घेतल्या, तेवढ्यात मामा ओट्यावरून म्हणाला, "एकच. बाकीच्या पोरांना दे." मामीने एका पोळीचा चतकोर तोडला, चंद्रीच्या तोंडात दिला आणि मागोमाग घासाची पेंढी टाकली.